सोलापूरच्या उन्हाळ्यात व्हाइट वाइन: हजाराच्या आसपास कोणती बाटली घ्यावी

एप्रिल उजाडला की सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो आणि मे महिन्यात ४३ अंश ही काही बातमी उरत नाही. अशा हवेत व्हिस्की अंगात आग पेटवते, जाडजूड रेड वाइन दुसऱ्या घोटालाच नकोशी होते आणि बिअरनं पोट भरून जेवण राहून जातं. व्हाइट वाइनचा खरा हंगाम हाच. तरी आपल्याकडे ती फार कमी लोक घेतात आणि घेतली तरी बरेचदा नाक मुरडतात: आंबट आहे, पाणचट आहे, औषधासारखी लागते. या तक्रारींपैकी निम्म्याहून जास्त तक्रारींत दोष वाइनरीचा नसतो. बाटली जुनी असते, दुकानात तापलेली असते किंवा चुकीच्या जेवणाबरोबर उघडलेली असते.

निकाल आधीच सांगून टाकतो. बजेट ७०० ते १,१०० रुपये असेल तर शेनिन ब्लां, म्हणजे त्या नावाच्या द्राक्षाची व्हाइट वाइन, घ्या. जेवण सौम्य असेल, मासे किंवा दह्याचे पदार्थ असतील तर अकलूजच्या फ्रातेल्ली या वाइनरीची. ताटात शेंगा चटणी, ठेचा, झणझणीत काही असेल तर नाशिकच्या सुला या वाइनरीची, कारण तिच्यात किंचित गोडवा आहे. आंबटपणा आवडणाऱ्यांनी सोव्हिन्यों ब्लांकडे वळावं. शार्दोने आणि व्हिओनिये पावसाळ्यानंतरसाठी ठेवा; ही नावंही द्राक्षांचीच. दर एक्साइजबरोबर वरखाली होतात, त्यामुळे वरचे आकडे अंदाजाचे समजा आणि बाटलीवर छापलेली एमआरपी बघूनच पैसे द्या.

आता हे का, आणि बाटली हातात घेतल्यावर काय बघायचं.

दुकानात उभं राहिल्यावर

आपल्याकडे पाटीवर ‘वाइन शॉप’ लिहिलेलं असतं, पण आत नव्वद टक्के जागा व्हिस्की-रमची असते. वाइन असते ती दर्शनी काचेच्या शोकेसमध्ये, कारण बाटल्या दिसायला छान. नेमकी तीच जागा वाइनसाठी सगळ्यात वाईट. पश्चिमेला तोंड असलेल्या दुकानात दुपारी दोन ते सहा ऊन थेट त्या काचेवर येतं. व्हिस्कीला त्याचं फारसं काही होत नाही. व्हाइट वाइन मात्र ३० अंशांच्या वर झपाट्यानं म्हातारी होते आणि चाळिशीत काही दिवस काढले की शिजते. ‘शिजते’ हा शब्द मोजून वापरला आहे: ताज्या पेरूचा, लिंबाचा, हिरव्या सफरचंदाचा वास जातो आणि त्या जागी उकडलेल्या सफरचंदाचा, करपलेल्या साखरेचा वास येतो. उजेडाचं नुकसान वेगळंच. पांढऱ्या काचेतल्या बाटलीवर ट्यूबलाइट महिनोन्महिने पडत राहिली तर वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा किंवा उकडलेल्या कोबीचा वास धरतो.

म्हणून पहिला नियम: शोकेसमधली बाटली घेऊ नका. बिअरच्या फ्रिजमध्ये वाइन आहे का विचारा. असली तर तीच घ्या, मग ती तिथं तीन महिने का पडलेली असेना. थंडीत वाइन झोपून राहते, बिघडत नाही. फ्रिजमध्ये नसेल तर आतल्या गोडाऊनमधली, खोक्यातली बाटली मागा. दुकानदार थोडा कुरकुरेल, पण देईल.

दुसरं, वर्ष. महाराष्ट्रात वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारीअखेर ते मार्चमध्ये होते. द्राक्ष बागायतदाराला हे सांगायला नको: एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी आणि उन्हाळ्याच्या तोंडावर माल. तोडणीनंतर टाकीत आंबवणं, स्थिर करणं, गाळणं आणि मग बाटलीत भरणं यात काही महिने जातात. त्यामुळे मे महिन्यात दुकानात उभं असताना चालू वर्षातून एक वजा करा. लेबलवर ते वर्ष असेल तर वाइन ताजी. दोन वजा करावे लागत असतील तर त्या बाटलीनं सोलापूरचा एक अख्खा उन्हाळा बघितला असण्याची शक्यता आहे आणि हजार रुपयांच्या आतली व्हाइट त्यासाठी बनवलेली नसते. काही बाटल्यांवर द्राक्षाचं वर्ष नसतं. मग मागच्या लेबलवरचा पॅकिंगचा महिना वाचा. तो खूप बारीक अक्षरात असतो, मोबाइलचा टॉर्च लावा.

टॉर्च लागलाच आहे तर रंगही बघून घ्या. बाटली पांढऱ्या काचेची असेल तर आरपार उजेड टाका. फिकट पिवळा, किंचित हिरवट झाक असलेला रंग हवा. गडद सोनेरी किंवा चहाकडे झुकणारा दिसला तर परत ठेवा. लाकडी पिंपात ठेवलेली शार्दोने आणि मुद्दाम उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाइन यांचा रंग मुळातच गडद असतो, त्यांना हा नियम लागू नाही. हिरव्या काचेत रंग कळत नाही. तिथं मानेकडे बघा: वाइनची पातळी शेजारच्या बाटल्यांपेक्षा खाली आहे का, बुचाच्या आवरणाखाली चिकट ओघळ आहे का, बूच किंचित वर आलंय का. उष्णतेनं वाइन फुगते, बूच ढकलते आणि थंड झाल्यावर हवा आत ओढते. ओघळ दिसला की पुढचं काही बघायची गरज नाही.

फिरकीचं झाकण म्हणजे हलकी वाइन, हा समज अजून जात नाही. उलट आपल्या हवेत फिरकीचं झाकण चांगलं: बूच वाळत नाही, बाटली उभी ठेवली तरी चालते आणि उरलेली वाइन परत बंद करता येते. एकाच किमतीच्या दोन बाटल्या असतील तर फिरकीची घ्या.

शेनिन ब्लां, सविस्तर

हे द्राक्ष मूळ फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातलं. दक्षिण आफ्रिकेत ते प्रचंड प्रमाणात लावलं गेलं आणि आपल्याकडे व्हाइट वाइनचा बराचसा डोलारा त्याच्यावर उभा आहे. कारण सरळ आहे. उष्ण हवेत द्राक्ष पिकताना साखर भराभर चढते आणि आंबटपणा भराभर उतरतो. आंबटपणा उतरला की वाइन सपक. शेनिन ब्लां आपला आंबटपणा बऱ्यापैकी धरून ठेवतं. शिवाय एकरी उत्पादनही चांगलं निघतं, त्यामुळे किंमत आवाक्यात राहते.

नान्नज, बार्शी, पंढरपूर पट्ट्यातली द्राक्षं जगात जातात, नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी निवडलेल्या सोनाका, शरद सीडलेस या जाती तर द्राक्षशेतीत घराघरांत माहीत आहेत. मग आपल्याच थॉम्पसन-सोनाकाची वाइन का नाही, असा प्रश्न इथं हमखास निघतो. खायचं द्राक्ष मोठं, पातळ सालीचं, बिनबियांचं आणि पाणीदार हवं. वाइनचं द्राक्ष लहान, जाड सालीचं, बियांचं असतं. त्यातला वास आणि चव बरीचशी सालीत आणि सालीलगतच्या गरात असते. खायच्या द्राक्षाची वाइन होते, पण ती गोड पाण्यासारखी निघते आणि मग चवीसाठी तिच्यात काहीबाही करावं लागतं.

सुला आणि फ्रातेल्ली या दोघांची शेनिन शेजारी शेजारी ठेवून प्यायली की फरक पटकन लक्षात येतो.

सुलाची शेनिन ब्लां अर्ध-कोरडी आहे, म्हणजे आंबवताना सगळी साखर संपू दिलेली नाही. ग्लास नाकाशी नेला की पिकलेला पेरू, अननस, थोडं खरबूज. पहिला घोट मऊ, शेवटी लिंबाचा हलका झटका. पहिल्यांदाच वाइन पिणाऱ्याला हीच द्यावी. ‘आंबट आहे’ म्हणून ग्लास बाजूला ठेवला जाणार नाही. सुलाच्या सुरुवातीच्या, २००० साली बाजारात आलेल्या वाइनमध्ये हीच होती आणि आज नाशिकबाहेर जवळपास कुठल्याही गावात मिळणारी व्हाइट म्हणजे हीच. दोष एवढाच की नीट थंड नसेल तर गोडवा वर येतो आणि दुसऱ्या ग्लासानंतर कंटाळा येतो. १२ अंशांच्या वर ही वाइन पिऊ नये.

फ्रातेल्लीची शेनिन जास्त कोरडी. हिरवं सफरचंद, मोसंबीची साल, थोडं नासपती. गोडवा शोधूनही सापडत नाही, पण आंबटपणा टोचतही नाही. ही कंपनी आपल्या जिल्ह्यातली: इटलीतले सेची बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू अशा तीन भावंडांच्या जोड्यांनी मिळून काढलेली, म्हणून नाव फ्रातेल्ली, म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. वाइन बनवण्याची धुरा तस्कनीच्या पिएरो मासी यांच्याकडे होती. अकलूज परिसरातल्या माळरानावर मुरमाड जमीन आहे, रात्रीचा गारवा हिवाळ्यात चांगला उतरतो आणि द्राक्ष पिकण्याचा काळ नेमका तोच. सोलापूरपासून अकलूज शंभर-सव्वाशे किलोमीटर. म्हणजे बाटलीचा प्रवास थोडा, तापण्याचे दिवस कमी. हा मुद्दा किरकोळ वाटतो, पण नाशिकची असो की बंगळुरूजवळच्या नंदी हिल्सची, प्रत्येक खोकं कुठल्या तरी ट्रकमधूनच येतं आणि तो ट्रक वातानुकूलित असतोच असं नाही.

दोघींत निवड करायची तर नुसती प्यायला सुला, जेवणाबरोबर फ्रातेल्ली. अपवाद तिखटाचा, त्याचं पुढे येईल. यॉर्कची शेनिन मिळाली तरी घ्यायला हरकत नाही. नाशिकचीच ही वाइनरी २०२१ पासून सुलाकडे आहे. सोलापुरात मात्र ती सगळीकडे दिसत नाही.

बाकीच्या

सोव्हिन्यों ब्लां ही शेनिनपेक्षा शंभर-दोनशे रुपयांनी महाग पडते आणि तिचा स्वभाव हट्टी. कापलेलं गवत, सिमला मिरची, लिंबाचं पान असे हिरवे वास. ज्यांना कैरीचं पन्हं कमी गोड आवडतं, त्यांना ही पहिल्या घोटाला आवडेल. कोथिंबीर, पुदिना, काकडी, लिंबू असलेल्या कुठल्याही पदार्थाबरोबर ती बसते. सुला आणि फ्रातेल्ली दोघांचीही चांगली आहे. ग्रोव्हर झाम्पाच्या आर्ट कलेक्शनमधली मिळाली तर तीही. पण उष्णतेनं सगळ्यात आधी मरते ती हीच. तिच्यातले हिरवे वास अत्यंत नाजूक असतात, तापलेल्या बाटलीत नुसता आंबटपणा आणि अल्कोहोल उरतं. फ्रिजमधली ताजी बाटली नसेल तर सोव्हिन्यों घेऊच नये, शेनिन घ्यावी.

रिस्लिंग सुलाची येते. सफरचंद, पीच, किंचित गोडवा, धारदार आंबटपणा. तिखट जेवणाला शेनिनइतकीच, कदाचित जास्तच चांगली, पण किंमत जास्त आणि मिळण्याची खात्री कमी. दिसली तर सोडू नका.

व्हिओनिये जर्दाळूच्या, फुलांच्या वासाची, अंगानं भारी आणि आंबटपणा कमी. डिसेंबरात हुरड्याच्या बैठकीला छान. मे महिन्यात जड वाटते. शार्दोनेचंही तेच, त्यातही पिंपात मुरवलेली. फ्रातेल्लीची व्हिते शार्दोने कौतुकाची वाइन आहे, पण ती या बजेटमध्ये नाही आणि या हवेतही नाही.

आयात वाइनकडे लक्ष जातंच: ऑस्ट्रेलियाची, चिलीची. लेबल भारी असतं. पण आयात वाइनवर १५० टक्क्यांपर्यंत शुल्क लागत आलं आहे, वर राज्याचे कर. दीड हजारांच्या बाटलीत द्राक्षाचे पैसे किती आणि कराचे किती याचा हिशेब केला की त्याच पैशांत दोन शेनिन घेणं शहाणपणाचं. गोव्याहून कुणी आणून दिलेली ‘स्वस्त’ बाटली तर अजिबात नको. ती तिथल्या विक्रीसाठीची असते, परवान्याशिवाय इकडे आणणं गुन्हा, आणि बसच्या डिकीत बारा तास उकळलेली असते ते वेगळंच.

थंड कशी करायची

शेनिन, सोव्हिन्यों, रिस्लिंग ८ ते १० अंशांवर प्यायच्या. घरातला फ्रिज ४-५ अंशांवर असतो, म्हणजे फ्रिजमधून काढून दहा मिनिटं बाहेर ठेवली की बरोबर होते. सोलापूरच्या मे महिन्यात दहा नाही, पाच मिनिटंच.

खोलीत ३८ अंशांवर असलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवली तर तीन ते चार तास लागतात. घरात पोरं दर पाच मिनिटांनी फ्रिज उघडत असतील तर चार धरा. घाई असेल तर फ्रीझर हा पहिला विचार येतो आणि तिथंच घोळ होतो: बाटली विसरली जाते, वाइन गोठून फुगते, बूच उडतं किंवा काच तडकते. फ्रीझरमध्ये ठेवलीच तर मोबाइलवर ३५ मिनिटांचा गजर लावा.

सगळ्यात भरवशाचा उपाय बर्फ, पाणी आणि मीठ. स्टीलचं उंच पातेलं किंवा छोटी बादली घ्या. अर्धा बर्फ, अर्धं पाणी आणि मूठभर खडे मीठ. पाणी बाटलीच्या मानेपर्यंत आलं पाहिजे. नुसत्या बर्फात बाटली ठेवली तर खडे फक्त ठिकठिकाणी टेकतात, मध्ये हवा राहते आणि थंडी पोचत नाही. पाणी सगळ्या बाजूंनी चिकटतं. मिठानं बर्फ शून्याच्या खाली वितळतो. वीस ते पंचवीस मिनिटांत बाटली पिण्याजोगी होते. मध्ये दोनदा बाटली हलक्या हातानं फिरवा, नाहीतर काचेलगतची वाइन गार आणि मधली कोमट राहते. ओतण्याआधी मान पुसून घ्या, खारं पाणी ग्लासात पडलं तर सगळं मुसळ केरात.

लाइट गेलेली असेल, बर्फ नसेल तर? आपल्याकडे कोरडी हवा आहे आणि घरात सोलापुरी टॉवेल आहेत. जाड टेरी टॉवेल भिजवून, पिळून बाटलीला गुंडाळायचा आणि वाऱ्याच्या झोतात ठेवायची. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. पण याची मर्यादा ओळखा: या पद्धतीनं बाटली फार तर २३-२५ अंशांपर्यंत उतरते, त्याखाली नाही. गरम बाटली थंड करायला ती अपुरी, मात्र फ्रिजमधून काढलेली बाटली जेवणाच्या टेबलावर गार ठेवायला ओला टॉवेल उत्तम, कारण त्याच्या थरामुळे गरम हवा काचेला थेट लागत नाही.

ग्लास भरून ओतू नका. ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास होतात, हॉटेलचा हिशेब तोच. घरी उन्हाळ्यात ८० ते १०० मिलीच ओता, बाटली बर्फात परत ठेवा. ४० अंशांच्या रात्रीत मोठा ग्लास दहा-पंधरा मिनिटांत कोमट होतो आणि शेवटचे चार घोट वाया जातात. ग्लास दांडीला धरावा, पोटाला नाही. हाताची ऊब वाइनला लागते.

ग्लासात बर्फ टाकणाऱ्याला हसायचं कारण नाही, पण वाइन पातळ होते हे खरं. त्यापेक्षा हंगामात मिळणारी द्राक्षं धुवून, पुसून कोरडी करून चार तास फ्रीझरमध्ये ठेवा. ग्लासात चार-पाच टाकली की गारवा राहतो, पाणी होत नाही आणि शेवटी खायला मिळतात. आणखी एक मार्ग सोड्याचा: १०० मिली शेनिन, ६० मिली अगदी थंड साधा सोडा, लिंबाची एक चकती. अल्कोहोल कमी होतं, तहान भागते. सुलाच्या शेनिनचा गोडवा इथं कामाला येतो. लेमन सोडा किंवा कोल्ड्रिंक घालू नका, मग द्राक्षाचं काही उरत नाही.

तापमान आणि चव यांचं एक नातं लक्षात ठेवण्यासारखं आहे. गारव्यानं गोडवा दबतो आणि आंबटपणा उठून दिसतो; ऊब आली की उलट. घरात कुणाला कोरडी शेनिन आंबट लागत असेल तर तिला पाच मिनिटं बाहेर राहू द्या. गोड लागत असेल तर परत बर्फात. बाटली बदलायच्या आधी हे करून बघा.

सोलापुरी ताट

शेंगा चटणी आणि कडक भाकरी. हे जेवण वाइनच्या पुस्तकात सापडणार नाही, म्हणून जरा तपशिलात. चटणीत भाजलेले शेंगदाणे, लसूण, लाल तिखट, मीठ, जिरं. कुटताना दाण्याचं तेल सुटतं आणि ती ओलसर होते. वाइनला यात दोन गोष्टींशी झगडावं लागतं: मिरची आणि कच्चा लसूण. अल्कोहोल मिरचीची आग वाढवतं, म्हणून १३ टक्क्यांच्या वरची वाइन इथं तोंड पोळवते. लेबलवर टक्केवारी बघा, १२-साडेबारा हवी. साखर ती आग दाबते, म्हणून अर्ध-कोरडी शेनिन किंवा रिस्लिंग. दाण्याच्या तेलाला आंबटपणा कापतो, घास पुन्हा हवासा वाटतो. लाकडी पिंपातली शार्दोने इथं कडू होते. सोव्हिन्यों चालेल असं वाटतं, पण लसणापुढे तिचा वास टिकत नाही. ठेचा, भरलं वांगं, झणझणीत पिठलं यांनाही हेच लागू.

दह्याबरोबरचे धपाटे, काकडीची कोशिंबीर, ताकातली भाजी अशा सौम्य जेवणाला फ्रातेल्लीची कोरडी शेनिन किंवा सोव्हिन्यों. उजनीची चिलापी रवा लावून तळली आणि वर लिंबू पिळलं तर सोव्हिन्योंला याहून चांगली जोडी सापडणार नाही. मसाला मात्र हळद, मीठ, आलं-लसूण एवढाच ठेवा. माशाला काळ्या तिखटाचं वाटण लावलं की व्हाइट हरते.

मटणाचं काय? सोलापुरी काळ्या मसाल्याचं सुकं आणि तवंग आलेला रस्सा यांच्याबरोबर व्हाइट वाइन घेऊ नये, उगाच दोघांची वाट लागते. थंड केलेली रोझे, म्हणजे गुलाबी वाइन घ्या, फ्रातेल्ली आणि सुला दोघांकडे आहे.

शेंगा पोळीबरोबर किंवा आमरसाबरोबर कोरडी वाइन प्यायली तर ती व्हिनेगरसारखी लागेल. वाइन पदार्थापेक्षा गोड हवी. सुलाची लेट हार्वेस्ट, म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड शेनिन ३७५ मिलीच्या छोट्या बाटलीत येते. चौघांना पुरते, कारण ती ५०-६० मिलीच घ्यायची असते.

परमिट रूममध्ये

सात रस्ता असो की होटगी रोड, बहुतेक ठिकाणी व्हाइट वाइन मेन्यूत असते आणि फ्रिजमध्ये नसते. ऑर्डर देण्याआधी दोन गोष्टी विचारा: बाटली थंड आहे का, आणि नसेल तर बर्फाची बादली मिळेल का. ग्लासवर विकत असतील तर बाटली कधी उघडली ते विचारा. परवाच्या बाटलीतला ग्लास घेऊ नका. बाटली टेबलावर आणून सील समोर उघडायला सांगणं हा तुमचा हक्क आहे, त्यात संकोच नको. पहिला घोट उकडलेल्या सफरचंदासारखा लागला तर तेव्हाच सांगा. अर्धी बाटली संपल्यावर कुणी ऐकत नाही.

महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची अट २१ पूर्ण. गाडी चालवायची असेल तर १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे आणि उन्हानं सुकलेल्या शरीरात दोन ग्लासही जड पडतात. दर ग्लासामागे एक तांब्या पाणी, आणि दिवस मावळल्यावरच.

उरलेली आणि न उघडलेली

उघडलेली बाटली झाकण लावून लगेच फ्रिजमध्ये, दारात नाही तर मागच्या बाजूला. सोव्हिन्यों दोन दिवस, शेनिन तीन दिवस बरी राहते. बाटली अर्ध्याहून कमी उरली असेल तर छोट्या पाण्याच्या बाटलीत काठोकाठ ओता, हवा जितकी कमी तितकं चांगलं. चौथ्या दिवशी तिचा वास बघा. नेलपॉलिशसारखा वाटला तर फेकून द्या.

दुकानातून घरी नेताना थेट घरी. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या आत पन्नाशीच्या वर तापमान जातं. बाटली डिकीत ठेवून नवी पेठेत दोन तास खरेदी केली तर वर सांगितलेलं सगळं वाया. अकलूजला वाइनरीवर जाणार असाल तर आइसबॉक्स बरोबर न्या आणि परतीच्या वाटेवर पंढरपुरात दर्शनाला थांबायचा बेत असेल तर खरेदी पुढच्या वेळी करा.

न उघडलेल्या बाटल्या माळ्यावर, गॅसजवळ किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. फ्रिजचा भाजीचा कप्पा सगळ्यात बरा. तिथं दोनच बाटल्या मावतात, त्यामुळे उन्हाळ्यात दोनच घ्याव्यात. ऑफर आहे म्हणून सहाचं खोकं उचलायचं असेल तर दिवाळीनंतर.